हात बदललाय

दोष शोधण्याचा मला पगार मिळतो. दुबईच्या जबल अली बंदराजवळच्या एका गोदामात लोकांच्या महागड्या कलावस्तू थंड हवेत ठेवलेल्या असतात. वस्तू हलवण्याआधी तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा, टवका आणि डाग मी लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी कुणाशी भांडायला नको. हे काम माझ्या स्वभावाला अगदी शोभतं, असं घरचे म्हणतात. म्हणोत.

मागच्या हिवाळ्यात मला दुबईतल्या एका अमेरिकन बाईंच्या घरी पाठवलं. वय पंचाहत्तरीच्या पुढे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. आपल्या देशातल्या जुन्या वस्तू त्यांनी आयुष्यभर एकेक करून जमवल्या होत्या. चांदीची किटली, काठ्यांच्या पाठीच्या खुर्च्या, आणि भिंतीवर पहाटेच्या नदीचं मोठं चित्र. खिडकीबाहेर वाळू आणि उन्हाने पांढरा पडलेला रस्ता, आणि आत त्या नदीवर धुकं. मी त्या चित्रासमोर उभी राहिले आणि पेन काढायचंच विसरले.

पण खरी गंमत पुढच्या खोलीत होती. अक्रोडाच्या लाकडाचं, माझ्याहून उंच, आठ खणांचं कपाट. अडीचशे वर्षांपूर्वी कुणा एका माणसाने ते हाताने केलेलं. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. मी शारजात वाढले. आमच्या फ्लॅटमध्ये लाकूड असं नव्हतंच, दाबलेल्या भुशावर चिकटवलेला लाकडाचा फोटो होता. या कपाटाला मात्र खालपासून वरपर्यंत मधासारखा रंग होता, आणि हात लावला तर ते कोमट लागेल असं वाटत होतं. देवळात गेल्यावर होतो तसा माझा आवाज आपोआप खाली आला.

बाईंना ते कपाट त्यांच्या गावच्या संग्रहालयाला द्यायचं होतं. ते त्याच गावात तयार झालं होतं. संग्रहालयाची एकच अट होती, आठही खण मूळचे, त्याच कारागिराचे हवेत. फोटो बघून तिथल्या तज्ज्ञाला सर्वांत खालच्या खणाबद्दल शंका आली होती. तो नंतर कुणीतरी बसवलेला निघाला, तर कपाट नको.

"मला आता एवढंच करायचं राहिलंय," बाई मला म्हणाल्या. "याला घरी पोचवायचं."

मी खण तपासले. फळ्यांची टोकं दातांसारखी कापून कोपऱ्यात एकमेकींत अडकवलेली होती. सात खणांचे हे सांधे एकदम सफाईदार. आठव्याचे जरा ओबडधोबड, आणि करवतीच्या खुणा उलट्या दिशेने गेलेल्या. तज्ज्ञाचं बरोबर होतं. मी पेन्सिलीने लिहिलं, 'बहुधा नंतर बसवलेला', आणि बाईंना सांगायचा मला धीर होईना.

"नुसतं बघून सांगेल असं कुणी नाही का इथे?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील सुतार आहेत," मी म्हणाले.

वाक्य तोंडातून गेलं आणि मीच दचकले. शाळेत असताना मी मैत्रिणींना सांगायची, माझे बाबा इंटिरियरमध्ये आहेत. बाबा अठ्ठावीस वर्षं शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये ऑफिसांचे रिसेप्शन काउंटर बनवत होते. आता निवृत्त होऊन आमच्याकडेच राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार. कपाटाची किंमत मी त्यांना सांगितली नाही. ते लगेच दिरहमचे रुपये करतात आणि मग वस्तूजवळ जायलाच घाबरतात.

"बाबा, प्लीज, फक्त बघा. टच नका करू."

"हात न लावता लाकूड कसं बघणार? मग फोटो काय वाईट होता? चल, यल्ला, उशीर होतोय."

बाईंनी परवानगी दिली. आम्ही आठही खण काढून गालिच्यावर ओळीने मांडले. कपाटाच्या माथ्यावर कोरलेल्या नक्षीकडे बाबांनी मान वर करूनही बघितलं नाही. त्यांनी खण उलटे केले, आणि जिथे कुणाचंच लक्ष जात नाही त्या बाजूवर अंगठा फिरवायला लागले. तासभर हेच चाललं.

"काय रंधा मारलाय, बाय," ते शेवटी म्हणाले. "आतली बाजू आहे ही. कोण बघणार होतं? तरी मारलाय." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं.

मग ते आठव्या खणापाशी बसले. बराच वेळ बसले.

"हात बदललाय," ते म्हणाले.

मी बाईंकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, हा खण दुसऱ्या माणसाचा आहे."

बाई मागे सरकल्या आणि मागच्या जुन्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर त्या कुणालाही बसू देत नसत.

"नो, नो, मॅडम!" बाबा एकदम उठले. "सेम मॅन. सेम मॅन! ओन्ली हॅन्ड चेंज." मग माझ्यावर डाफरले, "मी माणूस बदललाय म्हटलं का? हात बदललाय म्हटलं. नीट ऐकत जा."

आणि त्यांनी आपला उजवा हात वर केला. त्याची दोन बोटं अर्ध्यावरच संपतात.

सातवा आणि आठवा खण त्यांनी उलटे करून शेजारी ठेवले. तळाच्या लाकडात एक गाठ होती. अर्धी एका खणात, अर्धी दुसऱ्यात. कडेला कडा लावली तर गाठ पूर्ण होत होती.

"एकच फळी, एकाच दिवशी कापलेली. सांध्यांची आखणीही तीच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सात खण त्याने उजव्या हाताने केले. मग त्याला काहीतरी झालं. करवतीच्या खुणा उलट्या गेल्यात, म्हणजे आठवा डाव्याने केलाय. हा पहिला कोपरा बघ, किती चुकलाय. आणि हा चौथा बघ. सुधारला. खण पुरा होईपर्यंत शिकला तो."

मी एकेक वाक्य भाषांतर करून बाईंना सांगत गेले. त्या माणसाचं नाव त्याच्या गावालाही माहीत नाही. पण त्याच्या हाताला दुखलं होतं, हे माझ्या बाबांना माहीत होतं. बाई खुर्चीवरून उठल्या, गुडघे टेकून खाली बसल्या आणि तो चौथा कोपरा बोटाने चाचपत राहिल्या.

मी चौथीत होते तेव्हा बाबा एकदा हाताला भलंमोठं बँडेज बांधून घरी आले होते. दारात बोटं सापडली, असं मला सांगितलं होतं. दोन महिन्यांनी ते कामावर परत गेले. त्या हाताने ते पटाशी कशी धरतात, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मी देव्हाऱ्याचा छोटा खण ओढून बाहेर काढला. कापूर-काडेपेटीचा. बाबांनी तो त्याच वर्षी उरल्यासुरल्या सागाचा केला होता. दोन कोपरे स्वच्छ. तिसरा चुकलेला. चौथा सुधारलेला. हा खण मी रोज उघडते, आणि ओरखडे शोधण्यात मी एक्सपर्ट समजली जाते! मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खण तसाच हातात धरून उभी राहिले.

"उघडतोय ना नीट?" बाबांनी सोफ्यावरून विचारलं. "मग झालं तर."

जुळलेल्या गाठीचे फोटो आणि बाबांनी सांगितलेलं सगळं मी संग्रहालयाला पाठवलं. तीन आठवड्यांनी त्यांची मेल आली, कपाट ते घेणार होते. नोंदीसाठी त्यांना तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाचं नाव आणि पेशा हवा होता.

मी लॅपटॉप घेऊन बाबांच्या शेजारी बसले आणि त्यांना मेल वाचून दाखवली. ते चष्मा पुसत हसले.

"लिही," ते म्हणाले, "इंटिरियरमध्ये आहेत म्हणून."

मला वर बघवेना. मी लिहिलं, सुतार.