पाणमांजराचे मेणाचे पाय

किसनराव गेल्याचं मला त्यांच्या तेराव्यानंतर कळलं, तेही मंडईत. मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता चऱ्होलीचा भाजीवाला म्हणाला, "मास्तर, तुमचं ते पेंढा भरणारं किसनराव गेलं की. ठावं न्हाई व्हय?" ठाऊक नव्हतं. चिंचवडहून चऱ्होली काही परमुलखात नाही, सायकलवर तासा-दीड तासाचा रस्ता. पण त्याआधीच्या सहा वर्षांत मी तो रस्ता एकदाही धरला नव्हता, आणि का धरला नाही हे सांगायलाच आज लिहायला बसलो आहे. गेलेल्या माणसाचे गुण सांगावेत अशी रीत आहे. ते सांगतोच, पण त्यांचा सगळ्यात मोठा गुण मला माझ्याच भेकडपणामुळे दिसला, तेव्हा मधूनमधून मीही येणार. त्याला इलाज नाही.

मेलेल्या जनावराच्या कातड्यात पेंढा भरून किसनराव ते जिवंतासारखं उभं करत. शेतकऱ्याच्या घरात हा धंदा शिरला कसा, ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. लढाईच्या दिवसांत ते देहूरोडच्या छावणीत खेचरांना वैरण टाकायच्या कामावर लागले. तिथे एक म्हातारे उस्ताद गोऱ्या साहेबांनी मारलेल्या बिबट्या-सांबरांत पेंढा भरत. त्यांच्याकडे पेंढ्याचे भारे पोचवता पोचवता किसनराव तिथेच बसले, ते पाच वर्षं उठले नाहीत. गावाने नाकं मुरडली. बायको, ठकूबाई, आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे, आणि थंडीच्या दिवसांत तर मुद्दाम गार पाणी ठेवी म्हणे. पुढे साहेब गेले, त्यांच्याबरोबर शिकारीही गेल्या. पिंपरीच्या माळावर कारखान्यांचे पाये खणले जात होते, तिथे किसनराव खडी फोडायला जाऊ लागले. बिबट्याच्या मिशीचा एकेक केस चिमट्याने जागेवर बसवणारे हात ते.

माझी त्यांची ओळख शाळेतल्या घुबडाने करून दिली. मी विज्ञान शिकवतो. आमच्या कपाटातल्या पेंढा भरलेल्या घुबडाला कसर लागली होती, ते नीट करायला कुणीतरी किसनरावांचं नाव सुचवलं. आठ दिवसांनी घुबड परत आलं ते असं टवटवीत, की आमचे हेडमास्तर त्याच्याकडे पाठ करून बसेनात. मी ते उचलून पाहिलं, तर खालच्या फळीला दोन बारीक पितळी खिळे, नुसतेच ठोकलेले, कशालाही न धरणारे. हे कशासाठी, असं विचारलं तेव्हा कळलं की ही उस्तादांची शिस्त. जनावराचा जो जो अवयव खोटा बसवावा लागेल, त्याच्यासाठी फळीखाली एक खिळा ठोकायचा. घुबडाचे डोळे काचेचे, म्हणून दोन. गिऱ्हाईक कधी फळी उलटी करून बघत नाही, हे मी त्यांना शहाणपणाने सांगितलं. त्यांनी हसून फळी सुलटी केली.

त्यानंतर ते वरचेवर येऊ लागले. मला हा माणूस फार आवडला आणि त्याचं काहीतरी भलं करावं अशी मला खुमखुमी आली. हेडमास्तरांच्या ओळखीचे एक साहेब शहरातल्या एका संग्रहालयाचं काम बघत. तिथल्या प्राण्यांची देखभाल करायला कायमचा माणूस हवा होता. मी हेडमास्तरांच्या मागे लागून शब्द टाकायला लावला. साहेबांनी कळवलं, पुढच्या शनिवारी शाळेत येतो, त्याने स्वतः केलेला एक नमुना दाखवावा. नशीब असं की त्याच आठवड्यात इंद्रायणीत कोळ्यांच्या जाळ्यात अडकून एक पाणमांजर मेलं. कोळ्यांना ते नकोच होतं, मासे खाऊन जाळी फाडणारं जनावर. किसनरावांनी ते पोत्यात घालून माझ्याकडे आणलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद होता... खडीचं काम सुटणार होतं. तिथली धूळ त्यांच्या छातीत बसू लागली होती, रात्री उशाला दोन पोती घेऊन निजावं लागे, हे मला माहीत होतं.

आमच्या परसातल्या पडवीत काम सुरू झालं. तुरटी, मीठ, कातड्याला कीड लागू नये म्हणून सोमलाचा विषारी साबण. माझी बायको तोंडाला पदर लावून लांबून बघे आणि मला आत बोलावी. कातडं झकास निघालं, दात तर मूळचेच, एकही न हललेला. अडलं ते पायांवर. पाणमांजराच्या बोटांमध्ये बदकासारखा पातळ पडदा असतो. तो घाईने वाळवला की आक्रसतो, फाटतो. नीट करायचं तर एकेक बोट उसवून आतून भरायचं, पडदे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांमध्ये ताणून सावलीत सुकवायचे. तीन आठवडे तरी हवेत. हातात सहा दिवस होते. दुसरा मार्ग म्हणजे खऱ्या पायांचा साचा घेऊन मेणाचे पाय ओतायचे आणि रंगवायचे.

किसनराव म्हणाले, साहेबांकडून मुदत मागून घ्या. मी म्हणालो, अशा लोकांकडे मुदत मागायची नसते, जागा दुसऱ्याला जाईल. ते बराच वेळ त्या ओल्या पंजाचा पडदा बोटांत धरून बसले होते.

"मास्तर, डोळं काचंचं घालावंच लागत्यात. जीभ बी ऱ्हात न्हाई, ती करावीच लागती. पर पाय हाय तवर पाय घालावा. जे ऱ्हातंय ते टाकून द्यायचं आन् खोटं लावायचं, हे आमच्यात बसत न्हाई."

"अहो, कोण बघतंय?" मी म्हणालो.

हे तीन शब्द मी तेव्हापासून किती वेळा गिळले आहेत... पण त्या दिवशी ते सहज निघाले आणि किसनरावांनी ऐकलं. मी शिकलेला, त्यांच्या भल्याचं बघणारा. त्यांनी मेण ओतलं. पाय असे उतरले की नखांखालचा मळसुद्धा खरा वाटावा. खरे पाय त्यांनी फडक्यात बांधून इंद्रायणीत सोडले. शुक्रवारी संध्याकाळी माझ्यासमोर फळी उलटी करून त्यांनी खिळे ठोकले. डोळ्यांचे दोन, जिभेचा एक, पायांचे चार. सात. मी शेजारी बसून एकेक खिळा हातात देत होतो.

आणि मग मी माझी करामत केली. नमुन्याला एखादं कार्ड हवं म्हणून मी माझ्या वळणदार इंग्रजीत, टाकाने, एक कार्ड लिहिलं. प्राण्याचं नाव, नदीचं नाव, करणाऱ्याचं नाव. खाली जागा उरली होती. तिथे लिहिलं की डोळे आणि जीभ सोडून सर्व अवयव मूळ प्राण्याचे आहेत. का लिहिलं? वजनदार दिसेल म्हणून. मघाशी सांगितलेलंच कारण, कोण बघतंय. किसनरावांना मराठी अक्षरं लावून वाचता येत, इंग्रजी अजिबात नाही. त्यांनी काय लिहिलंय ते विचारलं. मी म्हणालो, तुमचं नाव लिहिलंय. ते खूश झाले आणि स्वतःच्या हाताने खळ लावून त्यांनी ते फळीच्या पुढच्या बाजूला चिकटवलं.

शनिवारी साहेब आले. जाणता माणूस होता. दात पाहिले, मिशा पाहिल्या, मान डोलावली. कार्ड वाचून अक्षराचंही कौतुक केलं, हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी नम्रपणे हसलो. मग साहेबांनी कोटाची टाचणी काढून पंजाच्या कडेला हलकेच टोचली आणि टोकाला लागलेलं मेण बघितलं.

"पाय मेणाचे आहेत?"

"व्हय साहेब. चारी मेनाचं हायेत," किसनराव सरळ म्हणाले. लपवायचं काही असतं हेच त्यांच्या गावी नव्हतं.

साहेबांनी कार्डावरची ओळ मराठीत करून त्यांना ऐकवली. हे कुणाचं म्हणणं, असं विचारलं. किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं. फार तर दोन पळं. हेडमास्तर शेजारी उभे, कौतुक अजून ताजं... मी टेबलावरची दौत सरळ करू लागलो. एवढंच केलं मी. एक दौत सरळ केली.

"मास्तरांचा काय दोष न्हाई," किसनराव म्हणाले. "म्याच त्येंना तसं सांगितलं."

साहेब सभ्य होते. काम चांगलं आहे म्हणाले, पण संग्रहालयात विश्वासाचा माणूस लागतो, असंही म्हणाले. चहा न घेता गेले. मी किसनरावांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो आणि वाटेत तोंड उघडायचं म्हणून काहीतरी हवापाण्याचं बोललो. ते म्हणाले, पाणमांजर इथंच राहू द्या, पोरं बघतील तरी. सोमवारी ते पुन्हा खडीवर गेले.

त्यांनी मला कधीही एका शब्दाने विचारलं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, हेही माझ्या सोयीचंच. दर वर्षी दिवाळीच्या आधी ते शाळेत येत, कपाट उघडून पाणमांजर झटकत, केसांना तेलाचा हात लावत, कसर बघत. मला नेमका तेव्हाच वर्गावर तास असे. नसला तर मी शोधून काढी. ते गेले त्याच्या आदल्या दिवाळीत मात्र जिन्यात गाठ पडलीच. चार पायऱ्या चढून ते दम खात उभे होते. म्हणाले, "पाय पिवळं पडल्यात, मास्तर. खरं असतं तर..." आणि पुढे खोकला आला. मी पाणी आणून दिलं. तेव्हा तरी सांगायचं होतं. घंटा झाली आणि मी गेलो.

मंडईतून त्या दिवशी मी घरी न जाता शाळेत गेलो. सुट्टीचा दिवस, शिपायाकडून किल्ली घेतली. पाणमांजर टेबलावर घेतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा फळी उलटी केली. डोळ्यांचे दोन, जिभेचा एक, पायांचे चार. हे सात काळवंडले होते. पुढच्या कडेला, बरोबर कार्डाच्या मागे, आठवा खिळा होता. तो इतरांहून उजळ, नंतर कधीतरी आणून ठोकलेला. माझं कार्ड त्यांनी खोट्या अवयवांत धरलं होतं. शाळेत कुणाला सांगितलं नाही, कार्ड फाडलं नाही. शिस्तीप्रमाणे खिळा ठोकला, फळी सुलटी केली आणि माझ्यासारख्या न बघणाऱ्यासाठी तो तिथे ठेवून दिला.

मी चऱ्होलीला जाऊन आलो. ठकूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्येंनी सांगितलं हुतं मला. मास्तर येतील म्हनायचे कवातरी."

कार्ड मी काढलेलं नाही. काढलं तर किसनरावांचा आठवा खिळा खोटा ठरेल, आणि एकदा त्यांना खोटं ठरू दिलं आहे, तेवढं पुरे. आता दिवाळीच्या आधी पाणमांजर मी झटकतो. फळी उलटी करून खिळे मोजतो, आणि वर्गातल्या मुलांना आठही खिळे कशाकशाचे आहेत ते सांगतो.