सगळ्यांत वरची हिरवी चिंधी

गोविंदमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेणव्याला मेहुणीकडे जेवायला बसलो होतो. त्यांची मुलगी सुनंदा एवढंच म्हणाली, "दादा, बाबा गेले." मी ताटावरून उठलो. मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. वाटलं, आता सांगायचं कुणाला...

मामा माझ्या आईचे चुलतभाऊ. शहापुरात नदीकाठी, उंचवट्यावर त्यांचं घर. दर पावसाळ्यात मोठं पाणी ओसरलं, की काठावरच्या जांभळाच्या बुंध्याला जिथवर गाळ लागला असेल तिथे ते मामीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधत. अशा अकरा चिंध्या होत्या. नगरपंचायतीने नदीकाठच्या बागेसाठी सूचना मागवल्या, तेव्हा आळीतल्या आम्ही पाच जणांनी निवेदन द्यायचं ठरवलं. आकडे अर्थात माझ्याकडे आले. पुराची रेघ ठरवायची होती. तिच्या खाली मोकळं गवत, वर भराव, भिंत आणि फिरायची वाट. रेघ खाली घेतली तर बाग मोठी होणार. पण भरावाला अडलेलं पाणी समोरच्या सखल काठावरच्या मजुरांच्या वाडीत शिरणार.

मी टेपने सगळ्या चिंध्यांची उंची घेतली. एक इतरांपेक्षा हातभर वर होती. त्या वर्षी पुलाखाली ओंडके अडकले होते, म्हणून ती अपवाद धरून मी वगळली.

"मापं घेतोस का भाजी निवडतोस रे?" मामा म्हणाले. "ओंडकं आता अडकायचं बंद झालं काय?"

"मामा, त्याला शास्त्र असतं."

"असंल बाबा. आमच्या टायमाला शास्त्राचे गुरुजी रजेवर होते."

सगळे हसले, मीही हसलो. मग मामांनी सही केली. "तू लिवलंस म्हंजे बरोबर असंल." आराखड्यात आमची रेघ तशीच आली.

गेल्या पावसाळ्यात मामांनी अंथरूण धरलं होतं. पाणी ओसरल्यावर त्यांनी हिरव्या लुगड्याची चिंधी माझ्या हातात दिली. "या साली तू बांध." मी गेलो. गाळ सगळ्यांत वरच्या चिंधीच्याही चार बोटं वर होता. समोर वाडीतल्या बाया भिजलेले तांदूळ उन्हात पसरत होत्या. चिंधी मी बरोबर जागी बांधली. परत येऊन मात्र म्हणालो, "मधल्या चिंध्यांपाशीच होतं पाणी." आजारी माणसाला त्रास नको, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे माझी रेघ चुकली होती.

"बरं," मामा म्हणाले. जरा वेळाने पुन्हा, "बरं..." आणि कुशीवर वळले.

तेराव्याला खुर्च्या पाहुण्यांनी भरल्या होत्या, म्हणून मी पहिल्यांदाच मामांच्या खाटेवर बसलो. एरवी समोर, खिडकीकडे पाठ करून बसायचो. खाटेवरून नदी दिसली, वाडी दिसली आणि जांभूळ. खालच्या चिंध्या मातकट, सगळ्यांत वर एकच हिरवी.

"मामांना एवढं लांबचं दिसायचं का गं?" मी सुनंदाला विचारलं.

"शेवटपरेंत. दिवसभर तिकडंच बघत पडायचे." तिने लुगड्याचा उरलेला तुकडा माझ्या हातात दिला. "तुमी चिंधी बांधून गेलात ना, त्याच दिवशी बोलले, पुढं पण त्यालाच बांधू दे. जागा बरोबर धरतो."

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचा अर्ज दिला. बाराही मापं लिहिली. मुदत संपल्याचं कारकुनाने सांगितलं. पोच मात्र दिली. तुकडा कपाटात आहे. त्यातून सहा चिंध्या निघतील, सहा पावसाळ्यांच्या. भराव पडल्यावर पाणी कुठवर चढेल, तो आकडा माझ्याकडे नाही.