पट्टा काढला आणि गोट्या धामापूरला गेला

डिसेंबर २००९. कुत्र्याला घेऊन समुद्रावर जायचं म्हटल्यावर शेजाऱ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. पण गोट्याला घरी ठेवायला मी तयार नव्हते. शिवाय जायच्या आधी त्याच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवून घेतली होती, आणि त्याचं कौतुक मी भेटेल त्याला ऐकवत होते.

पुण्याहून पहाटे निघालो, कोल्हापुरात मिसळ खाल्ली. पुढे राधानगरीवरून घाट उतरताना गोट्याने दोनदा ओकून गाडी घाण केली. कुत्रा नेणार असाल तर घाटाआधी त्याला खायला देऊ नका. फोंडाघाटच्या बाजारात पाणी मिळालं म्हणून निभावलं. संध्याकाळी मालवणात सुरमईची थाळी साठ रुपयांत, सोलकढी हवी तेवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर. खाऱ्या पाण्याने चामड्याचा पट्टा खराब होईल म्हणून मी तो काढून पर्समध्ये ठेवला. त्यावरच आमच्या फोन नंबरचा बिल्ला होता. होड्या लागल्या, मासळीचा लिलाव सुरू झाला, आणि बघता बघता गोट्या दिसेनासा झाला.

दुपारपर्यंत मी आणि माझा नवरा सुधीर उन्हात हिंडलो. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर सज्जन होते. "चिप आहे ते बरंच," ते म्हणाले, "पण ती वाचायचं यंत्र आमच्याकडे नाही."

मी तिथल्या बाकावर बसून रडले. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, आणि गोट्याशिवाय मी निघणार नव्हते.

ऊन कलल्यावर पुन्हा किनाऱ्यावर आलो, तर मासळीवाल्यांच्या टेम्पोतून एक बाई उतरल्या. एका हातात रिकामी टोपली, दुसऱ्या हातात जाळ्याची दोरी, आणि दोरीला बांधलेला गोट्या.

"हो कुत्रो तुमचो काय?" त्यांनी विचारलं. "सकाळी टेम्पोत बांगड्यांच्या टोपलेपाशी चडान बसलो. धामापुराक मासळी उतरवताना माका दिसलो."

सोडून का नाही दिला, असं सुधीरने विचारलं. त्यांनी गोट्याच्या मानेवरचे केस बाजूला केले. पट्ट्याने घासून तिथे गोल वण पडला होता.

"वण आसा म्हणजे धनी आसा. पण धन्याचा नाव खंय? आमच्या घोवान जाळ्याच्या तरंगत्या बोयांवर सुद्धा नाव घातलेला आसा. जाळा व्हावान गेला तर कोणतरी आणून देता. ह्येका तर जीव आसा, गो."

मी त्यांचे हात धरले. हाताला बांगड्यांचा वास होता, त्यामुळे गोट्याही ते चाटत होता. सुधीरने पैसे पुढे केले तर त्या रागावल्याच. मग त्यांच्याकडचे उरलेले बांगडे आम्ही विकत घेतले.

परत आल्यावर पहिलं काम म्हणजे भिजला तरी चालेल असा नायलॉनचा पट्टा. चिप आहेच, ती दवाखान्यासाठी. पण गोट्या सापडतो तो आधी रस्त्यावरच्या माणसाला, आणि त्या माणसाकडे फक्त डोळे असतात. बिल्ला कोरणाऱ्याने विचारलं, "कुत्र्याचं नाव मोठं घालू ना?"

मी म्हटलं, "नाव नको, दोघांचे मोबाईल नंबर घाला. त्याला स्वतःचं नाव माहीत आहे."