बारशाचा पाळणा आणि कूलरची खोली

पाळण्याचा स्टँड मी दोन्ही हातांनी धरून हलवला, तर तो कुरकुरला. पुन्हा हलवला. आडवी पट्टी पायातल्या खाचेत चक्क खालीवर होत होती. बारसं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं.

“भाऊ, मागला रविवारले ठोकी ठोकी बसाडी व्हती मी,” सुमनअक्का म्हणाल्या. “आते ढिली कसी व्हयनी?”

मी धुळ्याला आयटीआयमध्ये सुतारकामाचा इन्स्ट्रक्टर होतो. रिटायर झाल्यावर जळगावला मुलाकडे आलो आणि घरच्या घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्यांसाठी रविवारचा क्लास सुरू केला. अक्का त्यातल्या सगळ्यात हट्टी. मूळच्या शिंदखेड्याकडच्या, आयुष्यभर नर्सची नोकरी केलेल्या. पहिल्या नातीला स्वतःच्या हातच्या सागवानी पाळण्यात घालायचं, हा त्यांचा ध्यास. जावई तयार स्टीलचा झुला आणायला निघाला होता, त्याला त्यांनी फोनवरच गप्प केलं होतं.

त्यामुळे माझ्या जिवाला घोर लागला. मला एका जागी बसून विचार करता येत नाही. मी पाळण्याभोवती येरझारा घालू लागलो. गुण्या लावला, म्हणजे काटकोन तपासायचं साधन. काटकोन बरोबर. खाच पटाशीने, म्हणजे सुताराच्या छिन्नीने, स्वच्छ काढलेली. कामात खोट सापडेना, आणि खोट सापडेना म्हणून मी जास्तच चिडलो. मे महिना, अंगाची नुसती लाही होत होती.

“अक्का, या खोलीत कूलर का नाही?”

“बाळंतीणनी खोली शे ना भाऊ! तिले वारा लागस. कूलर पुढला खोलीत.”

“आणि पाळणा कुठे बनवला?”

“कूलरम्होरेच. नही तं मी उनमां मरसू का?”

मी धावतच पुढच्या खोलीत गेलो. भला मोठा कूलर धो धो चालू. त्याच्यासमोर उरलेल्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या. एकीवर हात ठेवला, तर गारेगार. महिनाभर त्या लाकडाने कूलरची दमट हवा खाल्ली होती.

इथे थोडं समजावून सांगतो. लाकूड वखारीतून आणलं म्हणजे निवांत झालं, असं नसतं. दमट हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. तेही सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही, रुंदीत पडतो. अक्कांची पट्टी फुगलेली असताना खाचेत गच्च बसली. मग पाळणा बाळंतिणीच्या कोरड्या, तापलेल्या खोलीत गेला. पट्टी रुंदीत आकसली. खाचेची उंची पायाच्या लांबीत होती, ती होती तेवढीच राहिली. ग्लूसुद्धा ओलसर लाकडाला धड पकडत नाही, तोही सुटला. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरसमोर बसून काम करणाऱ्या बहुतेकांचं हे असंच होतं.

अक्कांना हे लगेच समजलं. त्यांनी लगेच उपायही काढला. “मंग आज पाळणा कूलरम्होरे ठेवूत. फुगी जाई. उद्याना पुरता घट्ट व्हई ना?”

झाला असता. तोच तर घोळ होता. बारसं थाटात झालं असतं, आणि चार दिवसांनी आत पोर असताना पट्टी सुटली असती. मी हे म्हटलं तेव्हा माझा आवाज चढला होता. आत अक्कांच्या मुलीने बाळाला उराशी धरलं.

“खिळे मारा मग,” ती म्हणाली.

“खिळा झोक्याने सैल होतो. पुन्हा लाकूडही चिरतं.”

“मंग मनी नात उद्या कोठे झोपी?” अक्कांचे डोळे भरून आले होते. मलाही भडभडून आलं. पण गप्प राहून भागणार नव्हतं.

“मांडीवर,” मी म्हणालो. “पाळण्यात नाही.”

 अक्कांनी पदर खोचला आणि मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, माझ्या हातात दिली.

सांधे उकलले. जुना ग्लू पटाशीने खरवडून काढला, कारण जुन्या ग्लूवर नवा धरत नाही. पट्टीचं टोक पायातून आरपार जात होतं, हे नशीब. त्या टोकात करवतीने चीर पाडली. नवा ग्लू लावून सांधा पुन्हा बसवला आणि त्या चिरेत कोरड्या सागाची पाचर ठोकली. टोक पसरलं आणि खाच भरली. पाचर पायाच्या रेषांना आडवी ठोकायची. उभी ठोकली, तर पायच चिरतो. पाचरी अक्कांनीच ठोकल्या, मी फक्त धरून होतो. ठोकताना आवाज बदलला की थांबायचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मग सांधे दाबून धरणारे लोखंडी क्लॅम्प आवळले. ग्लू पक्का व्हायला दोन दिवस, तोवर हात लावायचा नाही.

बारशाला मी गेलो, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. झेंडूच्या माळा घातलेला पाळणा मधोमध, आणि त्याला चारी बाजूंनी लोखंडी क्लॅम्प. शेजारच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

“हाई काय शे ओ अक्का?”

“याले क्लॅम्प म्हंतस,” अक्का ठणकावून म्हणाल्या. “डिंक वाळना नही अजून. नाव मांडीवर ठेवसूत.”

नातीला मांडीवर घेऊनच कानात नाव सांगितलं. पोरीला काही फरक पडला नाही, ती झोपेतच होती. जावयानेही झुल्याचा विषय काढला नाही. मग मीही पेढा चवीने खाल्ला.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढायला गेलो. अक्कांनी पाळण्यात दुपटं अंथरलं, त्यावर स्वयंपाकघरातला दगडी पाटा ठेवला, शेजारी वरवंटा, आणि दोरी हातात घेऊन बसल्या. दुपारभर झोके दिले. मी दर झोक्याला वाकून सांधे बघत होतो.

“आई, पाट्याला अंगाई म्हणू का?” मुलगी हसत म्हणाली.

सांधा हलला नाही. तेव्हा कुठे अक्कांनी पाटा काढला आणि नातीला मागितलं.

घरी पाळणा करणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो. लाकूड ज्या खोलीत राहणार, त्या खोलीत आधी महिनाभर नेऊन ठेवा. आणि पाळण्यात पहिला झोका पाट्याला द्या.