भूलतज्ज्ञांची कादंबरी

आमच्या घरमालककाकांइतकं वाईट खोटं बोलणारा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये सापडणार नाही, आणि नेमके तेच गेली काही वर्षं शत्रूला फसवण्यावर कादंबरी लिहितायत. काका भूलतज्ज्ञ आहेत. "आयुष्यभर भूलच देतोय, आता सैन्याला देऊन बघू," असं ते म्हणतात. कादंबरी दुसऱ्या महायुद्धातली. त्यातला मराठी सुभेदार वाळवंटात बांबू आणि कापडाचे खोटे रणगाडे उभे करतो. ते विमानातून खरे वाटतील का, हे बघायला काकांनी ल्यूकन गावातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात खोकी आणि जुने पडदे वापरून एक रणगाडा बांधला आणि वरच्या खिडकीतून त्याची पाहणी केली. सकाळपर्यंत पावसाने त्याचा लगदा झाला होता. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून मला विचारलं, "युअर मॅन स्टार्टिंग अ वॉर, इज ही?" 'युअर मॅन' म्हणजे इकडच्या बोलीत 'हा बाबा'. काका मात्र खूश. म्हणाले, "वाळवंटात पाऊस नसतो, ही केवढी सोय आहे बघ." काकूंच्या वाढदिवसाचा बेत लपवायचा म्हणून ते एकदा आपणहून म्हणाले, "शनिवारी आपण कुठेच जाणार नाही आहोत." काकूंनी लगेच साडी इस्त्रीला काढली.

त्यांनी पहिली वाचक म्हणून मला नेमलं, कारण त्यांची भाडेकरू मी, इंग्रजी माध्यमात शिकलेली. "तुला कळलं म्हणजे कुणालाही कळेल." एकदा मी धीर करून विचारलं, की इंग्रजीत का नाही लिहीत? त्यांची सोळा वर्षांची मुलगी तरी वाचेल. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते, आणि देवनागरी तिला येत नाही. काका म्हणाले, "इंग्रजीत ती कुणाचंही वाचेल गं. बापाचं तरी मराठीत वाचावं." त्यासाठी त्यांनी एक डाव टाकला. 'कोणीही वाचू नये' असं ठळक लिहून पहिलं प्रकरण स्वयंपाकघरात ठेवून दिलं. ही सूचनाही मराठीतच होती. लेकीने त्यावर चहाचा मग ठेवला.

मागच्या रविवारी दुपारी ती माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि चहाचा डाग पडलेला तो कागद पुढे केला. "व्हॉट्स दिस वन? लाइक ग्लासेस."

"ळ," मी म्हटलं. "वाळवंटातला."

तिने दोनतीनदा जीभ वळवून पाहिली. "डोन्ट टेल डॅड. ही'ल बी अनबेअरेबल. शेवटपर्यंत पोचले की आय'ल टेल हिम मायसेल्फ."

संध्याकाळी भांडी पुसता पुसता काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, आघाडीवरून काही बातमी?"

एरवी एवढंसं खोटं बोलतानाही माझे कान लाल होतात. "नाही काका. सगळं शांत आहे."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. फडकं नीट घडी करून दांडीवर टाकलं आणि म्हणाले, "असू दे. अवघडच आहे म्हणा आपली भाषा." त्यांचा चेहरा बघवेना. तेवढ्यात वरच्या बंद दारामागून 'वाळवंट'शी चाललेली झटापट अगदी स्पष्ट ऐकू यायला लागली. मी नळ पूर्ण सोडला आणि स्वच्छ असलेला कप पुन्हा धुवायला घेतला.