दात कोरायची काठी

लग्नाचं विचारायला लाकूड गिरणीत गेलो, तर भुशाचा एक डोंगर शिंकला आणि त्यातून आधी मिशा, मग सासरे बाहेर आले. वस्तीत नुकतेच रूळ आले होते आणि त्यांखालचे लाकडी स्लीपर सासरे कापायचे. मापाची काठी एकच. जेवण झालं की तिच्याच टोकाची काडी काढून ते दात कोरायचे. दोन वर्षांत काठी चार बोटं आखूड झाली आणि रेल्वेने वॅगनभर स्लीपर परत पाठवले.

मालक म्हणाले, "पुन्हा चुकलात तर घरी बसा."

सासूबाई कडाडल्या, "अहो, दात कोरून रेल्वे खाल्लीत! नवी काठी घ्या."

"हिच्यावर हात बसलाय गं."

पुढची वॅगनही परत आली. सासरे तीस वर्षं घरीच बसले.