पुस्तिकेतली न छापलेली ओळ

शेजारच्या जुळारीभाऊजींना खोट्या पदव्या छापल्याबद्दल पकडून नेलं, ही बातमी जिन्यात मीच फिरवली. तिखटमीठही माझ्याच पदरचं. दोन दिवसांनी कळलं, त्यांना कुणीही नेलं नव्हतं. ते आपल्या पायांनी इस्पितळाच्या चौकशी समितीपुढे गेले होते.

तारुण्य छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलं, म्हणून जुळारी. छापखाना बंद पडल्यावर पन्नाशीत एक फुकटचं सॉफ्टवेअर शिकले. कुणीही घ्यावं, आतलं कामकाज उघडून बघावं, असं. साधा मजकूर टाइप करायचा, मध्ये खुणा पेरायच्या, की पानं, समास, अनुक्रमणिका सगळं देखणं होऊन बाहेर. मी एकदा चिडवलं, "भाऊजी, पडद्यावर मुंग्या लागल्यात हो!"

"त्या मुंग्यांवरच घर चालतं, वहिनी."

त्यांतली एक खूण मात्र घातकी, टक्क्याची. ती दिसली की ओळीचा पुढचा भाग म्हणजे लिहिणाऱ्याचं खासगी टिपण, असं सॉफ्टवेअर धरतं आणि तो गाळतं. टक्का छापायचाच असेल तर आधी तिरकी रेघ द्यावी लागते. इस्पितळानं करायला दिलेल्या परिचारिकांच्या पुस्तिकेत भाऊजींनी ती सगळीकडे दिली, एका जागी विसरले. 'जखमेसाठी द्रावण ४०%, दहापट पाणी घालूनच वापरावे' यातलं छापलं गेलं एवढंच : 'जखमेसाठी द्रावण ४०'.

एका म्हाताऱ्याचा पाय भाजला, मग सडला, मग कापला. परिचारिका निलंबित. ती रडून सांगत होती, पुस्तिकेत पाण्याचा उल्लेखच नाही. इस्पितळाच्या साहेबांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा मूळ मजकूर काढला. ओळ पूर्ण होती. छापील प्रत उघडायची तसदी कुणी घेतली नाही. बाई खोटारडी ठरली, नोकरी जाणार हे नक्की झालं.

पेपरात हे वाचून भाऊजींनी कपाटातली प्रत काढली. भिंत पातळ आणि कान माझे, त्यामुळे बायकोचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. "गप्प बसा. कुणाच्या बापाला कळणार नाही."

सकाळी ते पुस्तिका आणि आपला खुणा पेरलेला मजकूर घेऊन समितीपुढे गेले. बाईला कामावर परत घेतलं. म्हातारा अजून खाटेवरच आहे. इस्पितळानं भाऊजींचं काम काढून घेतलं, मग त्यांच्याकडून प्रबंध जुळवून घेणारे विद्यार्थीही एकेक करून आपापले कागद उचलून गेले. बायको आता त्यांच्याशी कामापुरतंच बोलते.

मला कुठलं राहवतंय! गॅलरीत गाठून म्हटलं, "अहो, सॉफ्टवेअरवर ढकलून मोकळं व्हायचं! फुकटचा माल, ना मालक ना शेठ. कोण येणार होतं भांडायला?"

वाळत घातलेला शर्ट झटकत ते म्हणाले, "ते बिचारं मी सांगितलं तसंच वागलं, वहिनी. छापून आल्यावर पान वाचायचं काम माझं होतं, आणि मी ते वाचलं नाही."